मावशीचं इमान

हातात कोणतंही शिवलेलं कापड आलं की मावशी आधी त्याची शिवण दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायच्या. टिकली तर नुसती मान हलवायच्या. सुटली तर म्हणायच्या, "वर गेल्यावर दुरुस्ती नाही होत, बाई."

नव्या माणसाला वाटायचं, म्हातारी मरणाबद्दल बोलतेय. त्या विमानाबद्दल बोलत असत. मेहकरातल्या एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर गेल्या आणि त्यांनी नवरदेवाच्या शेरवानीची खांद्याची शिवणच ताणून पाहिली. तुमच्यापैकी कुणी त्या लग्नाला असाल तर आठवेल. नवरदेव घाबरून मागे सरकला होता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या दोन खोल्या होत्या. शाळा सुटली की मी घरी जाण्याआधी तिथे घटकाभर टेकायची. आमच्याकडची जुनी माणसं विमानाला इमान म्हणतात. मावशी पूर्वी मुंबईला नोकरीत होत्या आणि "इमान शिवत होती मी" असं सरळ सांगायच्या. गल्ली हसायची. पत्र्याचं इमान शिवतात कसं? खरं सांगते, पहिल्यांदा मीही हसले होते.

त्यांचा नवरा एका विमान कंपनीत, विमानं उभी करायच्या हँगरमध्ये सफाईला होता. तो आजारपणात गेला तेव्हा मावशी बावीस वर्षांच्या. त्याच्या जागी यांना घ्यायचं ठरलं. साहेबांनी विचारलं, काय येतं? या म्हणाल्या, गोधडी येते. त्यांना सीटांच्या शिवणखात्यात बसवलं.

खात्याकडे विमानं बरीच यायची, पण मावशींच्या बोलण्यात एकच असायचं. त्या लागल्या तेव्हाच ते दहा-बारा वर्षं उडालेलं होतं. पंख छतासारखे वर, दोन्ही बाजूंना एकेक मोठा पंखा, आणि खिडक्या परातीएवढ्या. ते पंखे आधी आळस देत फिरायचे आणि मग अशी शीळ घालायचे की बाकीच्या बाया कानात बोटं घालत. मावशी घालत नसत. त्या विमानाच्या सीटांच्या खोळी, खिडक्यांचे पडदे, कमरेचे पट्टे, सगळ्यांवर त्यांचा हात फिरलेला होता.

एकदा पट्टे नव्यानं शिवून झाले. इन्स्पेक्टरनं तपासून सही केली, विमान प्रवासी घ्यायला गेलं. आणि डबा उघडून पहिला घास घेताना मावशींच्या मनात आलं, एका पट्ट्याला शेवटी मशीनचा आवाज हलका आला होता. खालचा दोरा तर संपला नव्हता? वरून शिवण सारखीच दिसते, खाली काहीच नसतं.

डबा तसाच टाकून त्या इन्स्पेक्टरकडे गेल्या. तो म्हणाला, मी पाहिलंय, जेव जा. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. नोकरी कायम व्हायला चार महिने उरले होते. त्या मोठ्या साहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

विमान थांबवलं. चढलेले लोक उतरवले. एकेक पट्टा उलटून पाहिला. सगळे ठीक निघाले.

"मंग काय झालं?" मी विचारलं.

"मेमो भेटला," मावशी म्हणाल्या. "इन्स्पेक्टर वरीसभर बोलला नाही. पण त्या राती जेवण घशाखाली गेलं मले."

नोकरी कायम व्हायला मग दोन वर्षं लागली. एक मात्र झालं. त्या दिवशी खोळंबलेला पायलट पुढे जेव्हा जेव्हा ते विमान न्यायचा आणि मावशी आत पडद्यांवर शेवटची नजर टाकत असायच्या, तेव्हा दारात थांबून विचारायचा, "मौसी, जाऊँ?" या म्हणायच्या, "जाय." त्यानं ते थट्टेनं सुरू केलं असेल. पण स्वतः रिटायर होईपर्यंत सोडलं नाही.

विमानाचंही वय झालं. नवी, जेटची विमानं आली. याच्या सीटा काढून त्यात माल नेऊ लागले, तेव्हा मावशींनी माल बांधायच्या जाळ्या शिवल्या. मग ते माल न्यायलाही नको झालं आणि मैदानाच्या कडेला उभं राहिलं. तेव्हा त्यांनी पंख्यांमागच्या इंजिनांच्या तोंडांना ताडपत्रीच्या खोळी शिवल्या, आत पाखरं शिरू नयेत म्हणून. शेवटी भंगारात देण्याआधी आतलं कापड उतरवायचं काम त्यांच्याकडेच आलं. उरलेले पडदे, भिंतीचं अस्तर, सगळं त्यांनी आठवडाभर बसून उसवलं. ओढून फाडलं असतं तर एका दिवसात झालं असतं. पण एवढे घट्ट टाके आपणच घातलेले, ते फाडायचे कसे, असं त्या म्हणाल्या.

त्या स्वतः कधीच विमानात बसून गेल्या नाहीत. याचं मला नवल वाटायचं. कंपनी नोकरांना वर्षाकाठी एखादं तिकीट द्यायची म्हणे. मी विचारलं की त्या विषय बदलायच्या.

परवाच्या उन्हाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी मी उशी सारखी करत होते, तर आपणहून म्हणाल्या, पहिलं तिकीट बाले देल्लं होतं.

बा म्हणजे मावशींचे वडील, देऊळघाटला दुसऱ्यांच्या वावरात मजुरी करायचे. लेकीकडे मुंबईला आले होते. जाताना मावशींनी त्यांना औरंगाबादपर्यंत त्याच विमानात बसवून दिलं. धुतलेलं धोतर, काखेत गाठोडं. गावात ज्यांना आयुष्यात कुणी ओसरीवर ये म्हणालं नव्हतं, त्या माणसाला विमानातल्या बाईनं हात जोडून सांगितलं, बाबा, बसा. ते बराच वेळ उभेच राहिले. मग सीटवर हात फिरवून पाहिला आणि टेकले.

दिवाळीत मावशी गावी गेल्या तेव्हा त्यांनी हौसेनं विचारलं, ढग पाहिले का, समुद्र पाहिला का, वरून घरं कशी दिसली. म्हातारा म्हणाला, काही पाहिलं नाही. पूर्ण वेळ सीटचे टाके पाहत होतो.

"मले राग आला, बाई," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, बा, खिडकीपाशी बसवलं होतं तुले. बाहेर काऊन नाही पायलं?"

मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी हातानं बाजूला सारला.

"तर म्हणे, बाहेर तुह्यं काय होतं?"

पुढच्या आठवड्यात मावशी गेल्या.