वर्षाबाहेरचे दहा दिवस

बाबा फ्रीगंजातल्या एका कापडाच्या दुकानात मुनीम होते. त्यांचं वर्ष दिवाळीला संपायचं. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकवाचं स्वस्तिक, 'श्री', आणि मग हिशेब. इन्कमटॅक्सचं मार्चचं वर्ष वकीलसाहेब परस्पर सांभाळायचे. नव्वदच्या दशकात दुकान धाकट्या सेठकडे आलं, तसं फर्मान निघालं, "मुनीमजी, अब एक ही साल चलेगा. एक अप्रैल से नई बही."

"एक एप्रिल हा काय मुहूर्त झाला?" बाबा घरी माझ्यावरच उखडले, जसा काही नियम मीच केला होता! मी नुकती बी.कॉम. झाले होते ना. सगळ्यांचं वर्ष एकाच तारखेला मिटलं की नफा-तोटा ताडून बघता येतो, मी समजावलं. "हूं," एवढंच. भारी हट्टी माणूस!

एकतीस मार्चला त्यांनी जुनी वही मिटली. नवी मात्र गुढीपाडव्याला उघडणार होते, आणि पाडवा अकरा तारखेला. तोवर विक्रीच्या चिठ्ठ्या पिशवीत.

ते दिवस मला अजून स्वप्नात दिसतात. बाबा पहाटे मला राम घाटावर न्यायचे. शिप्रेत पाय सोडून बसायचे. पाण्यावर कोवळं ऊन हलायचं, पलीकडून घंटा ऐकू यायची, आणि बाबा चक्क गुणगुणायचे. "जुनं मिटलं, नवं उघडलं नाही. किती हलकं वाटतंय गं!" इतके सुखी ते मला परत दिसले नाहीत.

दहाव्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले, तर सेठ कोरी वही हातात घेऊन उभा. "दस दिन की बिक्री कहाँ है? शाम तक नहीं मिली तो कल से मत आना." बाबांनी चिठ्ठ्यांची पिशवी छातीशी धरली. मला सेठचा असा संताप आला! पिशवी ओढली, पहिलं पान बाबांसाठी सोडलं आणि दुसऱ्यावर एक एप्रिल तारीख घालून चिठ्ठ्या उतरवत गेले. संध्याकाळी गल्ल्याशी मेळ बसला.

सेठने पानं उलटली. मग बाबांकडे न बघता मला म्हणाला, "बिटिया, कल से तुम बैठो. मुनीमजी को आराम करने दो."

वाचवायला गेले होते मी!

पाडव्याला बाबा माझ्याबरोबर दुकानात आले. कोऱ्या पानावर स्वस्तिक काढलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. "श्री तू लिही."

माझे डोळे घळाघळा वाहू लागले. त्यांनी वही हळूच बाजूला ओढली.

"डोळे पूस आधी. शाई पसरेल."