ताकाच्या वासासाठी भांडलेल्या सुमतीताई

दुपारची बाळे तपासून झाली होती आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत डॉ. सुमतीताई आणि मी भडंग खात बसलो होतो. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षे झाली असतील. मी त्यांच्या प्रयोगशाळेत नुकतीच रुजू झाले होते. तेवढ्यात एका आईने बाळाचे भरलेले दुपटे आणून दिले. ताईंनी ते उघडून माझ्यापुढे धरले आणि म्हणाल्या, "वास घ्या."

नन्सच्या शाळेत वाढलेली मी. माझा हात रुमालाकडे गेला.

"रुमाल नंतर. आधी सांगा, कशासारखा येतो?"

मी भीतभीत म्हटले, "ताकासारखा."

"मग बाळ ठणठणीत आहे." त्यांनी साबणाने हात धुतले, मलाही धुवायला लावले आणि उरलेले भडंग संपवले.

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले आणि तो वासच आधी आठवला. ताईंचा पुढचा सगळा झगडा त्याच्यासाठीच होता.

आईच्या दुधावरच्या बाळाच्या आतड्यात जे जिवाणू वाढतात, ते दुधातल्या साखरेचे आम्ल करतात. म्हणून अशा बाळाची शी आंबूस आणि पातळ असते, पुन्हा पुन्हा होते, आणि तपासणीत तिच्यात थोडी साखरही सापडते. त्या काळी आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी एवढ्यावरून बाळाला दूध पचत नाही असे ठरवत, अंगावरचे तोडत आणि ती साखर नसलेल्या सोयाच्या पावडरीचा डबा लिहून देत.

कबनूरच्या माग कामगाराची बायको मालन अशीच तान्ही लेक घेऊन आली. मुलगी मुळात गुटगुटीत. दुसऱ्या डॉक्टरांनी डबा सुरू केल्यावर शी घट्ट झाली, घर खूश झाले. मग बाटलीच्या अस्वच्छतेतून खरे जुलाब लागले, तोवर मालनचे दूध आटत आले होते. ताईंनी मीठ-साखरेचे पाणी सुरू केले आणि बाळाला अंगावर घ्यायला सांगितले. सासूबाई आडव्या आल्या.

"डॉक्टरीणबाई, मोठ्या डॉक्टरानं लिवलंय. डबा सोडला आन् पोरीला काय झालं म्हंजे?"

"तर माझ्या दारात येऊन बसा. मी कुठं पळून जात न्हाय. पर आत्ता तिला पदराखाली घेऊ द्या."

मायलेकी दवाखान्यातच राहिल्या. मालनला ताईंच्या घरून जेवण येई. दूध हळूहळू उतरू लागले. एका सकाळी सासूबाई स्वतःच दुपटे घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. "घ्या बाई वास. ताक झालंय की."

पुढे पावडरीचे डबे विकणाऱ्या कंपनीच्या माणसांनी डॉक्टरांची सभा भरवली. ताईंनी हा मुद्दा काढताच एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले की वैद्यक भावनेवर चालत नाही. ताई उठल्या. "भावना घरी ठेवून आलेय. धडधाकट बाळाचं दुपटं आणलंय." आणि त्यांनी खरोखरच पिशवीतून ते काढून लिटमसचा निळा कागद टेकवला, आम्लाने लाल झालेला साऱ्यांना दाखवला. त्यानंतर बऱ्याच जणांनी त्यांच्याकडे रुग्ण पाठवणे बंद केले. बाकडी रिकामी राहिली. ताईंनी औषधाच्या चिठ्ठीतला एक शब्दही बदलला नाही.

त्या हट्टी होत्या, आंधळ्या नव्हत्या. आजऱ्याच्या एका बाळाला जन्मतःच दुधातली साखर विषासारखी होती. त्याच्यासाठी भर उन्हात दुकाने पालथी घालून सोयाचा डबा त्यांनीच आणला आणि आईला पाणी उकळण्यापासून सगळे शिकवले. मी चिडवले तर म्हणाल्या, "डब्याशी माझं वैर नाही. गरज नसताना देण्याशी आहे." सोयावरची मुलेही वाढतात, हे त्या मान्य करीत. पण पोटातल्या जिवाणूंची वस्ती वेगळी होते, त्याचे पुढे काय होते, असे कोणी विचारले तर स्पष्ट सांगत, "पुरतं ठाऊक नाही. म्हणूनच उगीच करू नये."

ताईंना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे कुरकुरू नयेत आणि भांडायचा आवाज असाच खणखणीत राहो.

सत्काराच्या वस्तूंबद्दल त्यांनी मला बजावले आहे, ते संयोजकांनी ध्यानात ठेवावे. शाल मालनच्या सासूबाईंना द्यावी. नारळ दवाखान्यात, बाळंतिणींच्या आमटीसाठी. ग्रंथाची पहिली प्रत सभेतल्या त्या ज्येष्ठ डॉक्टरांना, पोस्टाने नव्हे, हातात. ताईंच्या कपाटात सोयाचा एक डबा असतो. मुदत संपायच्या आत त्या तो बदलतात. तो मात्र कोणी मागितला तरी देऊ नये. आजऱ्याच्या त्या बाळासारखे आणखी एखादे कधी येईल, त्याचा तो आहे.