तोफेची डावी बाजू

बायकोचं शिवणयंत्र दुरुस्तीला घेऊन गेलो, तेव्हा ते दुकान चालवणाऱ्या मुलीला मी पहिल्यांदा पाहिलं. यंत्र टेबलावर ठेवताच ती वळसा घालून माझ्या डावीकडे आली आणि कानाशी वाकून मोठ्यांदा म्हणाली, "दोरा तुटतो का टाका सुटतो?"

"अगं, मी बहिरा नाही!"

"माफ करा, सर," ती ओशाळून हसली. "बाबांमुळे लागलेली खोड आहे."

तिचे बाबा तोफखान्यात होते. नेम धरायला ते तोफेच्या डावीकडे बसत, त्यामुळे उजवा कान एका जंगलातल्या लढाईतच गेला. घरात जे काही बोलायचं ते डाव्या कानाशी. बाबा जाऊन वर्ष झालं होतं, खोड तेवढी राहिली होती.

पुढे जाता-येता मी तिच्या दुकानात थांबू लागलो. यंत्राला तेल देता देता ती बाबांच्या गोष्टी सांगायची. दाट झाडीत गोळा कुठे पडला ते दिसायचं नाही, आवाजावरून ओळखून पुढचा नेम धरायचा. एक गोष्ट मात्र अर्धीच होती. चिखलात रुतलेली तोफ, उरलेला शेवटचा गोळा, आणि "मग काय झालं माहितीये?" एवढं म्हणेपर्यंत बाबांना हसू फुटायचं, पाठोपाठ ठसका. आई पाणी आणायला धावायची आणि गोष्ट तिथेच राहायची.

"लहानपणापासून ऐकत आले, पण शेवट काही हाती लागला नाही," ती म्हणाली. "आता विचारू कुणाला?" हातातल्या फडक्याची ती उगाचच घडी करत राहिली.

काही महिन्यांनी आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक म्हातारे गृहस्थ मुलाकडे राहायला आले. बोलता बोलता तोफखान्याचा विषय निघाला, मी तिच्या बाबांचं नाव सांगितलं, तर हे त्यांच्याच तोफेवर होते. मी तिला लगेच घेऊन गेलो.

ओळख करून देताच ती त्यांच्या डाव्या हाताला बसली आणि कानाशी वाकली. "काका, त्या शेवटच्या गोळ्याचं काय झालं?"

काका खिडकीबाहेर बघत राहिले. तिने पुन्हा विचारलं. काही नाही. तिचा चेहरा पडला. "विसरले असतील," ती मला म्हणाली आणि उठली.

ती उठलेली पाहून काका वळले. "काही विचारत होतीस का, पोरी? मग इकडून ये. तुझा बाप तोफेच्या डावीकडे, मी उजवीकडे. माझा तो कान कधीच मेलाय!"

ती दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. प्रश्न ऐकताच काका आधी हसले, मग बोलले.

"गोळा सुटला आणि तोफ मागे घसरली ती थेट आचाऱ्याच्या पातेल्यावर! चहा गार झाला होता म्हणून बरं. सगळा उडाला तुझ्या बापाच्या तोंडावर. त्याने मिशा चाटल्या आणि म्हणाला, 'साखर कमी आहे.'"

काकांना ठसका लागला. मीही हसत होतो. ती हसली नाही.

"रोज," ती हळूच म्हणाली. "चहाचा पहिला घोट घेतला की बाबा हेच म्हणायचे आणि एकटेच हसायचे. आई चिडायची. बिचारी शेवटपर्यंत साखर वाढवत राहिली."

आता दर रविवारी दुकान बंद करून ती काकांकडे येते, त्यांच्या उजव्या हाताला बसते. चहा तीच करते, बिनसाखरेचा. काकांना मधुमेह आहे.