खांबाचा घेर

आमच्या दुकेझोंगात माणसाची ऐपत घरातल्या मधल्या खांबाच्या जाडीवरून ठरते. हे जुनं तिबेटी गाव पाहायला येणारे प्रवासी चुलीपाशी लोण्याचा खारा चहा पितात आणि खांबाला मिठी मारून फोटो काढतात. आमच्या खांबाकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

माझी बायको यांगत्सो याच दुःखानं वाळत चालली होती. बाई कामाला वाघ. याक तिच्या एका हाकेला वळतात. पण शेजारच्या ल्हाझोमच्या घरातून पाहुण्यांचं हसणं ऐकू आलं की तिचा जळफळाट सुरू.

"तिच्या सासऱ्यानं अख्खं झाड आणून उभं केलं. तुमच्या वडिलांनी काठी रोवली!"

"त्या काठीवर छप्पर टिकलंय ना अजून?"

"छप्पर टिकलंय. अब्रूचं काय?"

रोजच्या कटकटीला कंटाळून शेवटी मी दार लावलं, खांबाभोवती गोल फळ्या ठोकल्या आणि वरून काजळी फासली. खांबानं चांगलं बाळसं धरलं. यांगत्सो दारात उभी राहून प्रवाशांना हाका मारू लागली. ल्हाझोमकडची गर्दी निम्मी झाली, तशी आमची बाई झोपेतही हसायला लागली.

लोसरला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, ल्हाझोम खादा, म्हणजे मानाचा पांढरा रेशमी शेला, घेऊन आली. घरात प्रवासी बसले होते. खादा बांधायला तिनं खांबाला कवेत घेतलं, तर तिची बांगडी फळीवर आपटली. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. सगळ्यांनी माना वर केल्या. यांगत्सो पांढरीफटक पडली.

ल्हाझोमनं तिच्याकडे एकदा पाहिलं. गाठ नीट बांधली आणि प्रवाशांना म्हणाली, "बसलात काय नुसते? फोटो काढा की! आमचा खांब याच्यापुढे काहीच नाही."

सगळे गेल्यावर यांगत्सो चुलीपाशी मटकन बसली.

"वाचलीस बाई," मी म्हणालो.

"कसली वाचले? चारचौघांत बोलली असती, तर झिंज्या उपटल्या असत्या मी तिच्या! आता जन्मभर तिला चांगलं म्हणायचं?" तिला रडू फुटलं. "खांब तिचा मोठा, वर मनही तिचंच मोठं. त्याला कुठून फळ्या आणू हो मी?"