सुरंगीच्या नावाने

ऐंशी सालच्या मे महिन्यात जानकीने गावाकडच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही केली आणि बापाच्या जमिनीतला तिचा वाटा भावाचा, दादूचा झाला. बहिणींनी हसतमुखाने सही करायची आणि वर माहेरचं कौतुक सांगत फिरायचं, ही आपल्याकडची रीत! "तुका काय होया ता सांग," तिला माहेरी न नेता कचेरीतून थेट परतीच्या एस्टीवर सोडताना दादू म्हणाला. तिने परसातल्या सुरंगीचं एक रोप मागितलं, बस. त्या झाडाच्या फुलांचे वळेसार माळूनच ती लहानाची मोठी झाली होती.

पावसाळ्यात गावच्या कुणाबरोबर रोप मुलुंडला आलं. बैठ्या घरामागच्या बागेत जानकीने स्वतः खड्डा खणला, मासळी धुतलेलं पाणी घातलं, शेजारणीच्या शेळीपायी शेजारणीशी बोलणं टाकलं. झाड तरारलं, पण पानं चांगली रुंद निघाली.

"सुरंगीची पानं अशी नसतात गं," नवरा सहदेव म्हणे. तोही तिकडचाच.

"मुंबईचं पाणी लागलंय त्याला. तू गप रे!"

शंका तिलाही होती. पण भावावर शंका घ्यायची तर आपल्या सहीचं काय करायचं, हे तिला कळत नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात झाड फुललं. सुरंगी फांदीला चिकटून फुलते. इथे पांढऱ्या फुलांचे घोस लोंबत होते. वास गोड, पण तो नव्हे. ही उंडी. हिच्या बियांचं तेल गावी दिव्यात जाळतात, फूल कुणी डोक्यात घालत नाही. जानकी दोन दिवस नीट जेवली नाही.

त्याच आठवड्यात दादू डोळे दाखवायला मुंबईला आला. जेवताना मागच्या दारातून त्याला झाड दिसलं.

"अगो, उंडी बरी वाढली मगे!"

"मी सुरंगी मागितली होती."

"सुरंग खंयची? ती घराच्या कामाक कधीच तोडली, तुझ्या सहीच्या आदी. दर्यार उंडीचा रोप गावला, ता धाडलंय. झाड ता झाड!" तो हसला आणि आमटीसाठी वाटी पुढे केली.

जानकीने आमटी वाढली. भावाशी ती आयुष्यभर मालवणीत बोलत आली होती. आज तिच्या तोंडून मुलुंडची मराठीच निघत होती.

"दादा, मी वाटा मागितला असता, तर काय धाडलं असतंस?"

दादू अर्ध्या जेवणावरून हात धुवायला उठला.