भाऊजींचे बारा शब्द

आमच्या भाऊजींसारखी स्मरणशक्ती डहाणूपासून तलासरीपर्यंत शोधून सापडली नसती, आणि नेमक्या याच माणसाला विसरभोळा ठरवून अख्खा तालुका त्याची कीव करत होता. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुंबईच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. स्वतःच्या लग्नात जिलबी वाढताना आमच्या काकांनी आपल्याला कसं वगळलं, हे ते पंगतीतल्या पानांच्या क्रमासकट सांगत. वय झालं की माणूस किती विसरतो, यावर त्यांना डॉक्टरेट मिळवायची होती. ती मिळाली तरच प्रोफेसरकी मिळणार होती.

पन्नास सालानंतरची सात-आठ वर्षं तरी दर दिवाळीच्या सुट्टीत ते सरावलीला आमच्या वाडीवर उतरत, गळ्यात स्टॉपवॉच अडकवत आणि माझ्या सायकलवर डबलसीट बसून म्हातारी माणसं हुडकत फिरत. पहिला घोळ वयाचा. आशागडचे एक आजोबा म्हणाले, “तुमच्या वाडीत पयला चिकू लावला तवा माजा लगीन झाला.” माझे वडील म्हणाले झाड तीस वर्षांचं, आई म्हणाली चाळीस. भाऊजींनी दोन्ही आकडे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्यांच्या वहीत अशी प्रश्नचिन्हं फार होती.

खरा घोळ पुढेच होता. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले बारा शब्द ते वाचून दाखवत. सुई, ढग, वकील, परात, अशी ती माळ. पुढच्या दिवाळीला येऊन विचारायचं, कोणते शब्द होते? जितकं वय जास्त तितके शब्द कमी, असा अंदाज. पण धाकट्या डहाणूची, सुकी मासळी विकणारी काशीआजी बाराच्या बारा घडाघडा म्हणाली. शेजारची म्हातारीही म्हणाली. भाऊजींनी स्टॉपवॉच कानाला लावून पाहिलं. पुढल्या साली शब्द बदलले, तर त्याच्या पुढल्या साली चोवीस ऐकायला मिळाले! शेवटी तलासरीला, जिथे आम्ही जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, तिथे एक म्हातारा आम्हाला पाहताच उठून म्हणाला, “सुई, ढग, वकील... तुमचेच ना सायेब?” भाऊजींनी वहीत आणखी एक प्रश्नचिन्ह काढलं.

उलगडा काशीआजीनेच केला. “तू दर वर्साला येतंस आन इचारतंस, काय शब्द होते? आमाला वाईट वाटला. एवरा शिकलेला मानूस, आन सोताचे शब्द ध्यानात रेत नाय! मंग मी बाजाराला जाते थय सगल्यांना सांगून ठेवले. एक मेला तर दुसरा सांगंल.”

मुंबईच्या मार्गदर्शकांनी बजावलं, ही पानं काढून टाका आणि दुसऱ्या मुलखात नव्याने सुरुवात करा. बहीण म्हणाली, “फाडा एकदाची!” भाऊजी म्हणाले, “खोटं काय आहे गं त्यात? त्यांना खरंच आठवतंय.” त्यांनी सगळा प्रकार जसाच्या तसा प्रबंधात लिहिला. प्रबंध परत आला. त्यांनी तो पुन्हा पाठवला नाही, आणि लेक्चरर म्हणूनच राहिले. हा शहाणपणा की हट्ट, मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

काम संपलं एवढं सांगायला आम्ही काशीआजीकडे गेलो. ती फार थकली होती. आम्हाला पाहताच बोटं मोजत ते पहिले बारा शब्द म्हणू लागली आणि नवव्यावर अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, पुन्हा तिथेच अडली. “थांब रे पोरा, सांगते,” म्हणताना तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं भाऊजी ज्याची वाट पाहत होते ते समोर घडत होतं, पण त्यांनी वही काढली नाही. ते तिच्याजवळ बसले. “राहू दे आजी. मला आठवले सगळे.”

“खरा?”

भाऊजींनी बाराही शब्द सावकाश म्हणून दाखवले. आजीने नीट कान देऊन ऐकलं आणि विचारलं, “मंग आता आमी इसरलो तरी चालंल ना?”

“चालेल, आजी,” भाऊजी म्हणाले.