आठव्या मजल्यावरचा व्हॉल्व

भोर-वेल्ह्यात गोरखला कुणी प्लंबर म्हणत नसे, ‘पाण्याचा गोरख’ म्हणत. गेल्या उन्हाळ्यापर्यंत तरी म्हणत होते. आता काय म्हणतात ते सांगायला जीभ रेटत नाही. आणि ज्यांनी त्याच्यावर ही वेळ आणली, ते काचा वर करून थंडगार गाडीतून फिरतायत! असो. राग बाजूला ठेवून पहिल्यापासून सांगायला हवं.

गोरख वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीचा. शाळा सातवीत सुटली. विशीत असताना वरच्या झऱ्याचं पाणी पाईपातून खालच्या वाड्यांना आणायचं काम निघालं, तेव्हा हा चर खणायला गेला. पाणी आलं, बाया-बापड्यांनी नारळ फोडला, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यात खालच्या वाडीतला पाईप फुटला. जोडला, पुन्हा फुटला. सगळे म्हणाले, माल हलका आहे. गोरख मात्र दोन दिवस उतारावर वर-खाली करत राहिला आणि त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. पाईप फुटायचा तो खालचे नळ बंद असताना. वाहतं पाणी काही करत नाही, पण अडवलं की डोंगरभर उंचीचं पाणी खालच्या पाईपावर बसतं. त्यानं निम्म्या उतारावर एक उघडी टाकी बांधायला लावली. वरचं पाणी त्यात पडायचं आणि तिथून नव्यानं खाली निघायचं. पाण्याला मधे विसावा मिळाला आणि पाईप फुटायचा थांबला. पुढं एका इंजिनिअरनं त्याला याचा हिशोब सांगितला, की दहा मीटर उंचीला एक किलो दाब. तेवढा एक आकडा गोरखनं जन्मभर गाठीला बांधला.

त्यावर त्याची तीस वर्षं गेली. कापूरहोळचे ढाबे, भोरातली घरं, डोंगरातले बंगले, सगळीकडं त्याचा हात फिरला. भोरात सौदामिनीबाईंचं घर होतं. तिथला नळ ठिबकला की गोरख, टाकी भरेना की गोरख. त्यांचा मुलगा उपेंद्र शिकून इंजिनिअर झाला आणि पुण्यात उंच इमारतींच्या पाण्याच्या पाईपांची डिझाईन करू लागला. शिवऱ्याला हायवेलगत सोळा मजली इमारत उभी राहायची ठरली, तेव्हा उपेंद्र स्वतः गोरखच्या घरी आला. म्हणाला, “काका, डिझाईन माझं आणि हात तुमचा. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.” गोरखला आभाळ ठेंगणं झालं. सोळा मजले! या भागात एवढं उंच काम कुणी केलं होतं?

ड्रॉइंग चांगलं होतं, हे नाकारून चालणार नाही. गच्चीवर टाकी. तिथून दोन पाईप, एक वरच्या आठ मजल्यांना, दुसरा खालच्या आठांना. टाकीपाशी पाईप मोठा, मग खाली येईल तसतसा बारीक. आणि दुसऱ्या पाईपावर, आठव्या मजल्याशी, दाब कमी करणारा एक पितळी व्हॉल्व. गोरखनं त्यावर बोट ठेवलं आणि हसत म्हणाला, “दादा, ही तर आमची डोंगरातली टाकीच की!” उपेंद्रही हसला. “बरोबर पकडलंत काका. त्याच्याशिवाय खालच्या मजल्यांचे नळ टिकायचे नाहीत.”

हे वाक्य उपेंद्रच्या तोंडचं आहे. लक्षात असू द्या.

काम खाली आठव्यापर्यंत आलं आणि व्हॉल्व काही येईना. गोरख रोज साइट मॅनेजर अमृतला विचारायचा. अमृत आज-उद्या करायचा. शेवटी वैतागून म्हणाला, “तो आयटम कापलाय वरून. सरळ पाईप जोडा.”

“आवो, पन खाली साडेचार किलो दाब बसंल. नळ टिकायचं न्हाईत.”

“खालच्यांना पाणी जोरात आलं तर ते काय शिव्या देणार आहेत का? उलट खूश होतील. जोडा.”

गोरखनं तिथूनच उपेंद्रला फोन लावला. अमृतचं म्हणणं सांगितलं. मग उपेंद्र म्हणाला, “काका, बिल्डर ऐकत नाहीये. सध्या सरळ जोडून टाका, पझेशनच्या आधी मी बसवून घेतो. मी आहे ना?”

गोरखनं जोडून टाकलं.

घरी रत्नानं, त्याच्या बायकोनं, ऐकलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. “अवो, मग त्यांच्याकडनं तसं लिहून घ्या की. मोबाईलवर दोन ओळी टाका म्हनावं.”

“याड लागलं का तुला? ज्या घरात तीस वरसं खाल्लं-प्यालं, त्या घरच्या पोराकडं कागद मागू? सौदामिनीबाईंला कळलं तर काय वाटंल त्यांला?”

इथंच माणूस फसला. आणि गोरख एकटा नव्हे, आपल्याकडचे सगळे असेच फसतात. परका असेल तर त्याच्याकडून स्टँपपेपर घेऊ, दोन साक्षीदार घेऊ. पण ओळखीच्या घरी कागद मागायचा म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणायचं, अशी आपली समजूत. भीड पडते. या मेल्या भिडेपायी किती जणांचं वाटोळं झालं, त्याची कुठं नोंद नाही.

पझेशन झालं. लोक राहायला आले. व्हॉल्व आला नाही. गोरखनं चार वेळा फोन केला. दोनदा “बघतो काका” ऐकलं, पुढचे दोन उचललेच नाहीत.

दुसऱ्या मजल्यावर उत्रोलीची अश्विनी राहत होती. नवरा, ती आणि सासू सखूबाई. एका सकाळी ती दोघं कामाला गेलेली असताना बेसिनखालचा कनेक्शन पाईप फुटला. पिचकारीसारखं पाणी उडालं आणि घरभर झालं. सखूबाई घाबरून बेसिनखालची चावी बंद करायला उठल्या, ओल्या फरशीवर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी दार उघडेपर्यंत म्हातारी अर्धा तास त्या पाण्यात पडून होती.

गोरखला कळलं तसा तो धावत गेला. त्यानं जोडलेला एकेक सांधा हात फिरवून पाहिला. सगळे कोरडे ठणठणीत. फुटला होता तो बिल्डरनं आणलेला स्वस्तातला कनेक्शन पाईप, आणि फोडला होता साडेचार किलोच्या दाबानं. आता उपेंद्रदादा खरं ते सांगतील, असं गोरखला वाटलं. वाटलं बिचाऱ्याला!

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग बसली. रहिवासी खुर्च्यांवर, अमृत एका बाजूला, उपेंद्र टेबलापाशी, गोरख खांबाजवळ उभा. पाईप का फुटला, असा प्रश्न आला. उपेंद्रनं ड्रॉइंगची गुंडाळी सोडली आणि आठव्या मजल्यावर बोट ठेवलं.

“आमच्या डिझाईनमध्ये इथं व्हॉल्व दाखवलेला आहे. प्रत्यक्षात तो बसवला गेलेला नाही.”

“कुणी बसवला नाही?”

“बसवणं हे प्लंबरचं काम असतं.”

काका म्हणाला नाही. गोरख म्हणाला नाही. प्लंबर म्हणाला! आणि त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

गोरख कसाबसा पुढं येऊन म्हणाला, “दादा, तुमीच म्हनला व्हता न्हवं? फोनवर... सरळ जोडा म्हनून?”

“तसं काही लेखी आहे का तुमच्याकडं?” अमृतनं विचारलं. फार गोड आवाजात विचारलं.

अश्विनी उठून उभी राहिली. “माझ्या सासूबाई आता जन्मभर वॉकर धरून चालणार. तुम्हाला एवढा एक व्हॉल्व लावायचा काय कंटाळा आला होता हो?”

गोरख खांबाकडं मागं सरकला.

पंधरा दिवसांत बातमी खोऱ्यात पसरली. कापूरहोळच्या ढाबेवाल्या पप्पूनं दुसरा माणूस लावला. उत्रोलीतलं अर्धं झालेलं काम काढून घेतलं. रस्त्यात भेटणारे राम राम करायचे, पण नळाचं नाव काढत नव्हते. रत्ना रडायची, चिडायची, सौदामिनीबाईंकडं जाऊन भांडते म्हणायची. गोरख तिला जाऊ द्यायचा नाही.

महिन्याभरानं उपेंद्रचा फोन आला. रहिवाशांनी रेटा लावल्यामुळं व्हॉल्व आणला होता. पण कुठला पाईप कुठून गेलाय, हे गोरखशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

“काका, झालं गेलं विसरा. समजून घ्या, माझं लायसन्स गेलं असतं हो. तुमचं काय, तुम्हाला कुठं लायसन्स असतं!”

गोरखनं फोन ठेवला आणि हत्यारांची पिशवी काढली.

“पाय ठिवायचा न्हाई तिथं,” रत्ना आडवी आली. “जरा तरी लाज वाटू द्या सवताची!”

“पाईप म्या जोडलाय,” तो म्हणाला. “सांगनारा कुनीबी असंल, हात माझा व्हता. परत फुटला तर आनिक कुनाची तरी म्हातारी पडंल.”

त्यानं व्हॉल्व बसवला. दुपारपर्यंत काम आटोपलं. मग दाब बघायला तो दुसऱ्या मजल्यावर अश्विनीच्या घरी गेला. उपेंद्र मागं होताच, त्याला रिपोर्टसाठी फोटो हवे होते. गोरखनं नळाला मीटर लावला. काटा आता साडेचारऐवजी तीन किलोवर येऊन थांबला.

अश्विनी कमरेवर हात ठेवून बघत होती. “झालं? एवढंच काम होतं? अर्ध्या दिवसाचं?”

“व्हय ताई.”

“मग तेव्हाच का नाही केलंत?”

उपेंद्र दोन हातांवर उभा होता. गोरखनं त्याच्याकडं बघितलं. एक शब्द, नुसता एक शब्द तो बोलला असता तरी पुरे होतं. तो बोलला नाही.

आतल्या पलंगावरून सखूबाईंचा आवाज आला. “अगं, नको बोलूस त्यांला. चुकतं मानसाचं. ये रं बाबा हितं.” गोरख आत गेला. म्हातारीनं वॉकर बाजूला सारून त्याचा हात हातात घेतला. “त्वा काय मुद्दाम केलं न्हाईस. माज्या मनात काय बी न्हाई बग. म्या माफ केलं तुला.”

गोरखनं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, “उपकार झालं, आई.”

उपेंद्रनं ते ऐकलं, आणि तो मोबाईलवर मीटरचा फोटो नीट आलाय का ते बघत राहिला.